माळ्यावरचा अभ्यास

बिरनाळे साहेबांनी पुस्तक कमरेच्या उंचीवर धरले, सगळ्यांचे लक्ष आहे याची खात्री केली आणि सोडून दिले.

पुस्तक फरशीवर आपटले. तिघेही वाकून बघू लागले.

"पाठ निघाली की हो," इनामदार म्हणाले.

"शिलाई नाहीच. नुसता गोंद," बिरनाळे साहेबांनी निकाल दिला. "सचिव, लिहा. हैदराबादचा संच. बांधणी, दहापैकी तीन."

सचिव म्हणजे मी. मी लिहिले.

"आतलं काही बघायचं का, साहेब?" मी विचारले.

"ते दुसऱ्या टप्प्यात. मगदूम, साइटवर वीट आली की आधी काय करतो आपण? टाकून बघतो. फुटली तर पुढची चाचणी कशाला?"

"पण ही वीट नाही."

"साहित्यच आहे," गुणे सर आपल्या खुर्चीतून म्हणाले. "अभ्यास-साहित्य. साहित्य म्हटलं की चाचणी आली."

इनामदार मोठ्याने हसले. बिरनाळे साहेब हसले नाहीत. बांधकाम खात्यात उपअभियंता म्हणून निवृत्त होईपर्यंत त्यांनी तपासल्याशिवाय काही घेतले नव्हते, आणि तपासलेले बरेचसे घेतलेच नव्हते.

हे घडले त्याला आता वीस वर्षे होतील. आमच्या महापालिकेने त्या वर्षी नवा नियम काढला. इमारतीच्या नकाशावर स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून सही करायची असेल, तर यापुढे परवाना परीक्षा द्यावी लागेल, जुने सगळे परवाने मार्चअखेर संपतील, परीक्षा जूनमध्ये, आणि निकाल लागेपर्यंत नवे नकाशे घेणे बंद. गावातल्या इंजिनिअरांना एकदम मोकळा वेळ मिळाला. अभ्यासासाठीच तो मिळाला आहे, असे सगळे एकमेकांना सांगत होते.

मी गुणे सरांच्या ऑफिसात आठ वर्षे काम करत होते. बीम किती खोल घ्यायचा, कॉलममध्ये गज किती टाकायचे, ही गणिते माझी. नकाशे माझे. खालची सही सरांची. आमच्याकडे ही रीतच होती आणि तिच्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. माझ्या वडिलांना तर अखेरपर्यंत वाटायचे की मी सरांच्या नकाशांच्या झेरॉक्स काढते. ही परीक्षा पास झाले असते, तर माझ्या गणिताखाली माझी सही आली असती. मला बाकी काही नको होते.

परीक्षेला बसायला अनुभवाचा दाखला लागत होता आणि तो सरच देणार होते. त्यांनी आनंदाने दिला. "आपण चौघं मिळून अभ्यास करू," असेही म्हणाले. चौघे म्हणजे ते, मी आणि त्यांचे दोन मित्र. इनामदारांच्या सहीने अर्धा स्टेशनरोड उभा होता. बिरनाळे साहेब निवृत्तीनंतर सल्लागार झाले होते. कुणाचे, ते कधी कळले नाही.

पहिल्याच बैठकीत प्रश्न निघाला, अभ्यास कशातून करायचा? इनामदारांच्या भाच्याने दिल्लीच्या एका क्लासच्या नोट्सचे नाव काढले होते. सरांना पुण्याचे एक प्रकाशन माहीत होते. मी म्हणाले, "कोडबुक आहे, कॉलेजची पुस्तकं आहेत, सुरुवात तर करू."

बिरनाळे साहेबांनी हात वर केला.

"पुस्तक घ्यायचं म्हणजे खरेदी. खरेदी म्हणजे प्रक्रिया. उद्या कुणी विचारलं की हेच पुस्तक का घेतलं, तर काय सांगणार?"

"कोण विचारणार?" मी म्हणाले.

"विचारत कुणी नसतं, मगदूम. पण सांगता आलं पाहिजे."

मग समिती झाली. अध्यक्ष गुणे सर, सदस्य इनामदार, प्रक्रिया बिरनाळे साहेबांची. पुणे, दिल्ली, हैदराबाद, चेन्नई, जिथे म्हणून अशा परीक्षांची पुस्तके निघत, तिथे इंजिनिअर्स असोसिएशनच्या लेटरहेडवर पत्रे गेली. दोन पाकिटे मागवली, एक तांत्रिक, एक दरांचे. सोबत नमुना म्हणून संपूर्ण संच. पत्रात एक वाक्य इनामदारांनी घातले होते, 'सर्व सभासदांसाठी एकत्रित खरेदीचा विचार आहे.' त्या वाक्याने काम केले. महिन्याभरात कुरियरवाला रोज यायला लागला आणि एकदा तर टेम्पो आला.

ऑफिस दोन खोल्यांचे होते. बाहेरच्या खोलीत सर बसत आणि समिती भरत असे. आतल्या खोलीत माझे टेबल. टेबलाच्या वर, भिंतीतून बाहेर काढलेला काँक्रीटचा माळा. धंदा सुरू केला तेव्हा सरांनी तो स्वतः डिझाइन करून ओतून घेतला होता. खाली एकही खांब नाही. कुणी नवा माणूस आला की सर त्याला आत आणून तो दाखवत. त्यावर जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या असत. माळ्याच्या पुढच्या कडेखाली माझे सागवानी कपाट होते, जवळजवळ माळ्यापर्यंत पोचणारे. मधल्या फटीत मी टी-स्क्वेअर, म्हणजे नकाशे काढायची लांब पट्टी, आडवा सरकवून ठेवत असे.

नमुने माळ्यावर गेले. दुसरीकडे जागा नव्हती.

"प्रत्येकी दोन संच मागवलेत ना?" सरांनी एकदा विचारले.

"दोन कशाला, सर?"

"सेफ्टी," सर म्हणाले.

एप्रिलच्या मध्यावर मी म्हणाले, "निर्णय होईपर्यंत मी एखादा संच वाचायला घेऊ का?"

बिरनाळे साहेबांनी चष्मा काढला. "सीलबंद नमुना आहे तो. मूल्यमापनाआधी वापरला तर प्रक्रिया बाद."

"मग टाकून बघितलेला तरी द्या."

"तो तर पुरावा आहे."

मग मी माझे स्वतःचे कोडबुक, म्हणजे बांधकामाच्या सरकारी मानकांचे पुस्तक, काढायला गेले. परीक्षेत ते जवळ ठेवायची मुभा होती. माझी प्रत कॉलेजपासूनची. समासात माझ्या खुणा, महत्त्वाच्या पानांना दोऱ्याची टोके. ती कपाटात होती. मी मूठ ओढली. दार हलले नाही. दोन्ही हातांनी ओढले. एक पाय कपाटाला लावून ओढले तेव्हा मूठ हातात आली.

"लाकूड फुगलंय," सर दारातून म्हणाले.

"सर, एप्रिल आहे. बाहेर रस्त्याचं डांबर वितळतंय."

"लाकडाचं काही सांगता येत नाही गं."

त्याच आठवड्यात माळा जिथे भिंतीला मिळतो तिथे वरच्या बाजूला एक भेग दिसली. मी समितीला आत बोलावले. इनामदार स्टुलावर चढले.

"गिलावा सुटलाय नुसता."

"रंगाची आहे," खालूनच बिरनाळे साहेब म्हणाले. "डिस्टेंपर जाड बसला की अशी येते."

सरांनी मान वर करून बराच वेळ पाहिले. "केसाएवढी आहे."

"गेल्या आठवड्यात नव्हती," मी म्हणाले.

"केस काय, वाढतोच," इनामदार म्हणाले आणि स्टुलावरून उतरले. तिघेही चहाला बाहेर गेले. कागदाच्या जाडीला किती गुण द्यायचे, यावर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चर्चा झाली. बिरनाळे साहेबांनी एक पान वाटीभर पाण्यात भिजत घातले होते.

मी कपाटाबद्दल रोज बोलायला लागले. परीक्षा जवळ येत होती आणि माझे पुस्तक त्या दाराआड होते. दुसरी प्रत आमच्या गावात विकत मिळत नव्हती; पुण्याहून मागवते म्हणाले, तर साहेब म्हणाले की सचिवानेच परस्पर खरेदी केली, तर समितीला अर्थ काय राहिला? शेवटी सर कंटाळले. एका सकाळी त्यांनी दिनकर सुताराला बोलावले. दिनकर एक मदतनीस, पहार आणि दोरखंड घेऊन आला. समितीही हजर होती, कारण त्या दिवशी तांत्रिक मूल्यमापनाचा दुसरा टप्पा होता.

दिनकरने दार ठोकून बघितले. "इथं नाही व्हायचं. चौकट दबलीया. कपाट बाहेर काढून दुकानात न्यावं लागंल."

"ने की मग," सर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत परत दे. बाईंचं पुस्तक अडकलंय."

"वरनं काय सामान असंल ते काढून घ्या, ताई."

वर फक्त टी-स्क्वेअर होता. मी हात उंच करून त्याचे टोक धरले आणि ओढले. तो आला नाही. पुन्हा ओढला. तो लोण्यातल्या सुरीसारखा निघायचा, आठ वर्षे निघत आला होता. आता कपाट आणि माळा यांनी त्याला दोन्हीकडून चावून धरले होते.

मी टी-स्क्वेअर सोडला. वर माळ्याकडे पाहिले. पाठीला पाठ लावून खच्चून रचलेली पुणे, दिल्ली, हैदराबाद आणि चेन्नई. प्रत्येकी दोन. मग मी कपाटाकडे पाहिले.

मागे दिनकरने पहार कपाटाच्या पायाखाली घातली होती.

"काढू नका!"

मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेरून बिरनाळे साहेब वाटी हातात घेऊन आत आले.

"काय झालं?" सर म्हणाले.

"कपाट काढू नका. सर, ते कपाट नाही. कॉलम आहे."

दिनकरने पहार तशीच धरून ठेवली होती.

"माळा खाली आलाय," मी म्हणाले. "फटीत टी-स्क्वेअर सहज जायचा, आता निघत नाही. दार फुगलेलं नाही, दाबलं गेलंय. वरची भेग त्यानंच आलीय. तुम्ही माळा गुंडाळ्यांसाठी केला होता. आपण त्यावर ग्रंथालय ठेवलंय. आणि ते सगळं आत्ता या सागवानाच्या चार फळ्यांवर उभं आहे."

इनामदारांनी टी-स्क्वेअर ओढून बघितला. मग ते दोन पावले मागे, बाहेरच्या खोलीत गेले. बिरनाळे साहेब त्यांच्या आधीच गेले होते.

"मी डिझाइन केलेला माळा आहे, रेवती," सर म्हणाले.

"हो, सर."

"आपण इथं आठ वर्षं बसतोय."

"तुम्ही बाहेर बसता, सर."

"म्हंजे काढायचं का नाही, त्येवढं ठरवा," दिनकर म्हणाला. "मला पुढं मंगल कार्यालयाचं दार हाय."

"थांब जरा," सर म्हणाले. "साहेब, तुमचं काय मत?"

बाहेरून आवाज आला, "मत द्यायला हरकत नाही. पण स्लॅब धोकादायक आहे असं म्हणणं हे प्रमाणन झालं. त्याला परवाना लागतो. आपले परवाने मार्चमध्ये संपले."

"म्हणजे?"

"म्हणजे आज या ऑफिसात तसं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही."

"आणि चांगला आहे असं म्हणायचा?" मी विचारले.

साहेब म्हणाले, "तोही नाही. म्हणून जैसे थे."

"निदान पुस्तकं तरी उतरवू."

"नमुने जागेवरून हलवले तर मूल्यमापन पहिल्यापासून करावं लागेल."

मी सरांकडे पाहिले. ते माळ्याकडे पाहत होते. मला वाटले, आता हो म्हणतील. ते म्हणाले, "कपाट राहू दे. निकाल लागल्यावर बघू."

दिनकर पहार घेऊन गेला. जाताना माझ्याकडे आणि कपाटाकडे त्याने असे काही बघितले, की पुढे मंगल कार्यालयात तो काय सांगणार आहे, ते मला कळले. त्या दुपारी मी माझे टेबल ओढत बाहेरच्या खोलीत आणले आणि सरांच्या टेबलाशेजारी लावले. त्यांनी आपली खुर्ची थोडी सरकवून घेतली.

परीक्षेपर्यंत माझ्याकडे एकच गणित उरले होते, ते मी सोडवायला घेतले. पॉलिटेक्निकच्या ग्रंथालयात बसून मी त्या माळ्याचा हिशेब केला. नमुन्यांचे वजन पार्सलांवर लिहिलेले होते. सरांचा जुना नकाशा ऑफिसातच होता. भार किती, तो भिंतीशी किती ताण आणतो, असा माळा ज्यांच्या जोरावर टिकतो त्या वरच्या गजांना तो झेपतो का, कड किती खाली येईल, कपाट काढले तर काय होईल. एकदा केले, मग दुसऱ्या पद्धतीने केले, मग गज गंजले आहेत असे धरून केले. कपाट काढल्यावर काय होईल, याचे उत्तर प्रत्येक वेळी तेच आले.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात समितीचा तांत्रिक अहवाल पूर्ण झाला. चेन्नईचा संच पाण्यात टिकला आणि पडूनही टिकला. तो पहिला आला. दरांची पाकिटे उघडायची तेवढी बाकी होती. आणि मग महापालिकेचे शुद्धिपत्रक निघाले, पंधरा वर्षांहून अधिक अनुभव असलेल्यांना परीक्षेतून सूट.

"बघा," बिरनाळे साहेब म्हणाले. "घाईनं खरेदी केली असती तर वाया गेली असती."

समिती बरखास्त झाली; नमुने मात्र माळ्यावरच राहिले. त्या दिवशी तिघांनी पेढे मागवले, मलाही दिले. "तू दे परीक्षा, चांगली दे," इनामदार मनापासून म्हणाले. "आमची सगळी तयारी तुला उपयोगी पडेल."

मी ग्रंथालयाच्या शिक्क्याचे कोडबुक घेऊन परीक्षा दिली. खुणा नव्हत्या, दोरे नव्हते, पण पाने कुठली ते हातांना माहीत झाले होते. पेपरात भिंतीतून बाहेर आलेल्या स्लॅबचा एक मोठा प्रश्न होता. मी पास झाले. ऑगस्टमध्ये परवाना आला आणि मी बाजारात जाऊन माझ्या नावाचा शिक्का करून घेतला.

तो पहिल्यांदा वापरायची वेळ दोन दिवसांत आली.

सूट मिळालेल्यांना परवान्याचे नूतनीकरण करायचे होते आणि अर्जात एक अट होती. अर्जदाराच्या स्वतःच्या ऑफिसची इमारत सुस्थितीत असल्याचा दाखला जोडायचा, आणि तो दुसऱ्या परवानाधारकाने दिलेला हवा. सरांनी आधी इनामदारांना फोन लावला. मी शेजारीच बसले होते.

"अरे नुसती सही... हो... हो, पाठीचं दुखणं मला माहीत आहे, पण वर चढायला कोण सांगतंय? खालून बघ... बरं. बरं, राहू दे."

मग बिरनाळे साहेबांना. ते संभाषण आणखी लहान होते. साहेबांचा परवाना मंजूर झाला होता, पण अजून छापून आलेला नव्हता, आणि छापून आल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कधी काही केले नव्हते.

सरांनी फोन ठेवला. अर्ज घेतला, माझ्या टेबलावर ठेवला आणि कोपरे जुळवून सरळ केला.

"रेवती, एवढी सही कर."

आठ वर्षे मी त्यांच्यापुढे कागद ठेवत आले होते आणि ते न वाचता सही करत आले होते. तेवढा विश्वास त्यांचा माझ्यावर होता, हे मी नाकारत नाही. आता कागद माझ्यापुढे होता. छापील मजकूर तयार होता, 'सदर जागेची पाहणी केली असून ती सुरक्षित आढळली.' मोकळी फक्त सहीची जागा होती.

"उद्या शेवटचा दिवस आहे," सर म्हणाले.

मी 'सुरक्षित आढळली' खोडले. वर लिहिले, 'आतील खोलीतील माळा धोकादायक आहे. त्यावरील भार ताबडतोब उतरवावा. तोपर्यंत खालचे कपाट हलवू नये.' खाली सही केली. शिक्का नवा होता, शाई जास्त लागली.

सरांनी कागद उचलला. तो त्यांनी वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि पुन्हा एकदा. मी माझी पेन्सिल, पट्टी, डबा एका बाजूला गोळा करायला लागले. उद्यापासून कुठे बसायचे, हे मला सुचत नव्हते.

"तोपर्यंत म्हटलंयस," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे भार उतरवला की दुसरा दाखला देता येईल."

"पाहणी करून."

ते उठले. शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि आतल्या खोलीत गेले. मी शिडी धरली. ते चढले. साठीच्या जवळ आलेले सर शिडीवरच उभे राहून एकेक गठ्ठा खाली देऊ लागले आणि मी तो नेऊन बाहेर रचू लागले. दिल्ली गेली. हैदराबाद गेली. धूळ दोघांच्या तोंडात. चेन्नईचा दुसरा संच मी उचलून वळले, तेव्हा मागे काहीतरी खाली पडले.

टी-स्क्वेअर होता. आपोआप सुटून फरशीवर पडला होता. आम्ही दोघे त्याच्याकडे बघत असताना कपाट करकरले, आणि त्याचे मूठ नसलेले दार हळूच चार बोटे उघडले.

सर शिडीवरून उतरले. टी-स्क्वेअर उचलून त्यांनी कपाट आणि माळा यांच्यामध्ये घातला. तो गेला. पूर्वीइतका सैल नाही, थोडा घासत, पण गेला.

"परत वर आला," ते म्हणाले. "बघितलंस? गज वरच आहेत. ओतताना मी स्वतः उभा होतो."

"हो, सर. गुंडाळ्यांना पुरून उरला असता."

ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. मी माळा पुन्हा पाहिला, भेग मोजली आणि दुसरा दाखला लिहिला. त्यात 'फक्त नकाशांच्या गुंडाळ्या ठेवाव्यात' असे घातले. त्यांनी तोही वाचला.

मग मी कपाटातून माझे कोडबुक काढले. कपड्याने पुसत होते, तेवढ्यात सरांनी हात पुढे केला.

"बघू जरा. पुस्तकांच्या साठ्याला किती भार धरायचा म्हणतात?"

मी दोऱ्याचे टोक धरून पान काढून दिले. त्यांनी चष्मा चढवला आणि माझ्या समासातल्या खुणांसकट वाचायला लागले. इतक्या महिन्यांत समितीतल्या कुणाला पुस्तक उघडून वाचताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

वाचता वाचता त्यांनी एकदा माळ्याकडे पाहिले, आणि पुस्तक घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.